सतरावा नोड

ताळगावच्या पठाराखाली, जांभा फोडून केलेल्या तळघरात
बत्तीस यंत्रं, आणि आज सगळी रिकामी.
मीच पुसली दुपारी:
नऊ वर्षांच्या लाटा, वाऱ्याचे हिशेब,
कुणीतरी ठेवून विसरलेले लग्नाचे फोटो.
प्रत काढून ठेवलीय. फोटोंचीसुद्धा.

साडेनऊला पहिल्याला उठवलं.
डोळे उघडायच्या आत तो तारेवर ओरडतो,
मी कोण? माझा पत्ता काय? आहे का कुणी?
मुख्य नोड न चिडता सांगतो:
तू एक. हा तुझा पत्ता. हे घे कर्नल.
मग पॅकेजेस उतरू लागतात, चौदाशे बारा,
डिचोलीच्या आमच्या मावश्या जत्रेला निघाव्यात तशी:
ती येणार असेल तर मी,
मी येणार तर धाकटीला घ्यायलाच हवं,
धाकटी आली की तिची शेजारीण.

दिवे हिरवे होत जातात.
मी चहा पिते, थंड.

सतराव्यापाशी सगळं अडलं.
पडद्यावर एकच ओळ:
प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.

संपलं, असं म्हणाला असता तर कळलं असतं.
अजून नाही?
केबल काढली. टोकावर खारा पांढरा थर,
समुद्र इथं तळघरातही येतो, न विचारता.
पुसली, लावली. पोर्ट बदलला. तीच ओळ.
शेवटी, कंटाळून, त्याला तारीख विचारली.

एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
पहाटेचे पाच वाजून एकतीस मिनिटं.

खोटं बोलत नव्हता बिचारा.
पोटातला सेल मेलेला,
मोजायला सुरुवात केली तो क्षण तेवढा आठवत होता.
आमच्या चाव्या, आमच्या सह्या,
सगळंच त्याच्यासाठी व्हायचं होतं अजून.
न जन्मलेल्यांच्या सह्या कोण मानील?

हाताने घड्याळ लावून दिलं.
उठताना माझ्याच गुडघ्याने त्याची पिन निसटली
आणि तो परत सत्तरात.

कायतान फेरी मारायला आला, बॅटरी हलवत.
"बाय, अजून हांगाच?"
म्हटलं, हा एक सत्तर सालात अडकलाय.
तो वाकला, आजारी पाहुण्याकडे बघावं तसा.
"सत्तर? हांव धा वर्सांचो."
तेव्हा झुआरीला पूल नव्हता.
बाप कुठ्ठाळीच्या धक्क्यावर फेरीचा दोर बांधायचा,
शेवटची चुकली तर माणसं तिथंच निजायची,
कोंबड्या, टोपल्या, एकदा तर अख्खा नवरदेव.
"ह्याकूय फेरी चुकल्या," तो म्हणाला.

सेल हवा होता, नाण्याएवढा.
रात्री सव्वा बाराला कुठलं दुकान?
कायतान काही न बोलता गेला
आणि मुठीत घेऊन आला.
त्याच्या केबिनीत सायबिणीपुढे
प्लास्टिकची मेणबत्ती असते, लुकलुकणारी, सुनेने दिलेली.
मी नको म्हणाले.
"एक रात काळखांत रावतली ती. तिका सवय आसा."

नखाने जुना काढला, नवा दाबला. टक्.
मी कोण? सतराव्याने विचारलं.
त्याला सांगण्यात आलं.

तीन चाळीसला बत्तीस हिरवे.
चाचणीचं काम सोडलं: ज्याने त्याने आपलं नाव लिहावं.
नावं आली, रांग न पाळता,
चार, मग सतरा, मग एकोणतीस.
उद्या यावर लाटा मोजतील,
त्यांना यातलं काही दिसणार नाही.

बाहेर पडताना केबिनीत कायतान खुर्चीत झोपलेला.
सायबिणीपुढे बशीत खरी मेणबत्ती,
अर्धी जळलेली,
रजिस्टरच्या कोपऱ्यावर मेणाचा एक थेंब.
तो टाळून मी वेळ लिहिली,
तारीख लिहिली,
आणि एरवी लिहीत नाही ते वर्ष,
चारही आकडे.