चौघांपैकी एकच

गुरुवारी झावेन येतो, मी दुकान उघडायच्या आधीच
पायरीवर उभा, बगलेत वर्तमानपत्र.
ग्युम्रीत अजून बर्फ आहे,
काळ्या दगडाच्या भिंतींना खालून ओल चढलीय.
उमेदीची सगळी वर्षं पोलिसात, जबाब लिहून घ्यायचा.
आता शेवटच्या पानावरचं कोडं सोडवतो
माझ्या खुर्चीत, गालांना साबण लागलेला असताना.

"ऐक. हॉटेलातला चांदीचा समोवार गेला.
संशयित चार. चौघांपैकी एकच खरं बोलतो.
अर्तुश म्हणतो, पारुयरनं नेला.
पारुयर म्हणतो, स्मबातनं.
गुर्गेन म्हणतो, मी नाही.
स्मबात म्हणतो, पारुयर खोटारडा.
सांग, कोण?"

मी वस्तरा पट्ट्यावर घासतो.
मला काय कळतंय, म्हणतो.

त्याला हेच हवं असतं.
"पारुयर नि स्मबात," चादरीखालून त्याचं बोट वर येतं,
"ही तराजूची दोन पारडी. एक खाली तर दुसरं वर.
दोघंही खरे, असं नाही. दोघंही खोटे, असंही नाही.
म्हणजे खरा जो एकटा, तो या दोघांतलाच.
उरलेले दोघं खोटे.
आणि गुर्गेन काय म्हणाला होता?
मी नाही!"
हनुवटीखाली पातं आहे हे विसरून तो हसतो.
मी हात वर धरून थांबतो.

मग जरा वेळानं, खालच्या आवाजात:
"वर छापलेलं असतं ना, एकच खरा म्हणून.
आम्हाला कुणी छापून दिलं नाही कधी
चौघांत खरे किती."

मी गरम पाण्यातून टॉवेल काढतो. पिळतो.

त्या हिवाळ्यात दिवसाला तासभर वीज यायची,
लोकांनी घरातल्या फळ्या उखडून शेगडीत घातल्या.
दवाखान्यामागची तांब्याची तार
एका रात्रीत कापली गेली.
झावेननं चौघांना बोलावलं. शाई गोठली होती,
त्यानं पेन्सिलीनं लिहिलं. मेणबत्ती दोन जबाबांत संपली.
येघिश, ट्रामचा मेकॅनिक, एवढंच म्हणाला: मी नाही.
दुसरा म्हणाला, येघिश.
तिसरा म्हणाला, येघिश.
ते दोघं तसं का म्हणाले, मला आजही ठाऊक नाही.
थंडी होती, घरी जायचं होतं, तेवढंच असेल.
चौथा मी. सतरा वर्षांचा.
पक्कड आदल्या पहाटे नाल्यात टाकून आलेला.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
माझ्या तर डोक्यावरही होतं त्या रात्री,
बर्फावर सांडलेलं, आणि तार अशी लखलखत होती
की वाटलं, अख्खं गाव खिडक्यांना चिकटून बघतंय.
कुणी बघत नव्हतं.
येघिश, मी म्हणालो.

येघिश तीन वर्षांनी परतला, खोकला घेऊन.
दर बुधवारी मी त्याचे केस कापतो. पैसे घेत नाही.
का घेत नाहीस, असं त्यानं एकदाही विचारलेलं नाही.
केस आता उरलेत किती!
तरी येतो, टोपी काढतो, बसतो.
बुधवारी तो, गुरुवारी हा.
मधली रात्र माझी.

टॉवेलखाली झावेनचे डोळे मिटलेले असतात
तेव्हा मी ते कोडं वाचतो. नावं नाही वाचत,
फक्त वरची ओळ.
ती ओळ त्या खोलीत असती, मेणबत्तीशेजारी,
तर सुटायला किती वेळ लागला असता?
तिघं एकच गोष्ट बोलतात. खरा एकच आहे.
मग तिघंही खोटे.
माझ्यासारख्यालाही कळलं असतं.

तो उठतो, कॉलर नीट करतो, सुटे पैसे मोजून ठेवतो.
आरशातून माझ्याकडे बघतो, नेहमीपेक्षा जरा जास्त,
की मलाच तसं वाटतं.
दारापर्यंत गेल्यावर मी हाक मारतो,
"पेन्सिल विसरलास."

"राहू दे," बाहेरच्या बर्फाकडे बघत झावेन म्हणतो,
"तुला लागेल."