तिसऱ्या बेसवरची खूण

मी बस चालवायचो. खेळाशी माझा संबंध तेवढाच.
नेब्रास्कात गावं लांब लांब, मधे नुसता मका,
आणि आरशात झोपलेली पंधरा पोरं.
जागे दोघंच: मी, आणि माझ्या पाठीमागच्या सीटवर
लुमिर हाव्लिक, आमचा मॅनेजर,
डावा खांदा खिडकीला टेकून.
उजवा टेकवता यायचा नाही.

सदतीस सालच्या ऑगस्टात एका दुपारी
त्याच उजव्या हातानं त्यानं सतरा जणांना
बॅटला चेंडू न लागू देता माघारी धाडलं.
शिकागोहून आलेल्या माणसाच्या खिशात करारनामा,
लुमिरच्या खिशात रुमाल, रुमालावर गुलाबी ठिपका.
रुमाल मुठीत दाबून त्यानं सही केली.
शिकागो त्याला तीन आठवडे मिळालं.
मग सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात दोन हिवाळे,
उघड्यावर खाट, पापण्यांवर बर्फ,
आणि तीन वेळा मिळून काढलेल्या सात बरगड्या.
“लोक हप्त्यानं फ्रिज घेतात,” तो म्हणायचा,
“मी हप्त्यानं बरगड्या दिल्या.”
हसायचाही. अर्ध्या श्वासात मावेल एवढंच.

घरी आला तेव्हा कोटाची एक बाही लांब झाली होती.
बापानं त्याला खाटकाच्या दुकानात हिशेबाला बसवलं.
सहा महिने बसला. मग एका संध्याकाळी
हायस्कूलच्या कुंपणाबाहेरून ओरडला,
“अंगठा आत घे!”
आणि आतल्या पोरानं तो घेतला.
कोचिंग असं सुरू झालं.

पुढे मॅनेजर झाला, तरी सामन्यात
तिसऱ्या बेसपाशी स्वतःच उभा राहायचा.
टोपी, कान, पट्टा, पुन्हा कान,
सगळ्या खुणा खोट्या.
खरी एकच: छातीच्या उजव्या बाजूला,
जिथं शर्ट आत जातो, तिथं सपाट तळवा.
म्हणजे पळ. दुसरा बेस चोर.
आठ मोसम कुठल्याच संघाला ती सापडली नाही.
तिथं कुणी बघतच नसे.

त्रेपन्नच्या जूनमधे आमच्याकडे डेलमार ओस्टग्रेन होता,
वीस वर्षांचा, लांब मानेचा.
त्याचा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात वळायचा,
काही विसरून राहिल्यासारखा.
रात्री दोनला, प्लॅट नदीच्या पुलावर, तो खोकला.
मी इंजिनं ऐकत जगलेला माणूस.
सुका आवाज वेगळा, ओला वेगळा,
आणि एक असतो दाबलेला, बाहीत.
आरशात पाहिलं. लुमिर ताठ बसला होता.
“पुढचं मोठं गाव कोणतं?” एवढंच विचारलं त्यानं.

दुकानं उघडायच्या आत आम्ही एक्स-रेवाल्याच्या दारात.
संध्याकाळी सामना. सेंट लुईसची दोन माणसं
खास डेलमारला बघायला येणार.
तो उतरेना.
“तुमचं गेलं, म्हणून माझं घालवता?”
मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.
लुमिरनं उत्तर दिलं नाही. शर्टाची बटणं काढू लागला,
वरून खाली, सावकाश, डाव्या हातानं.
मी आरसा छताकडे फिरवला.
थोड्या वेळानं दार वाजलं. दोघं उतरले होते.

डाग निघाला. गव्हाच्या दाण्याएवढा.
आता गोळ्या निघाल्यात, बरगड्या जागच्या जागी राहतात.
दोन वर्षांनी डेलमार परत आला,
पण शेवटच्या हातभरातलं ते वळण आलं नाही.
चार मोसम टाकले त्यानं, मग पशुखाद्य विकायला लागला.
लुमिरशी पुढे नीट बोलला का, मला माहीत नाही.
मी विचारलं नाही. तो माझा प्रांत नव्हे.

पण त्या संध्याकाळचं सांगतो.
आठवा डाव, एका धावेनं मागे,
पहिल्या बेसवर आमचा सर्वांत चपळ पोरगा.
लुमिरनं तळवा छातीवर ठेवला.
पोरगा बुटाच्या नाडीकडे बघत होता.
पुन्हा ठेवला. पोरगा कुंपणाकडे बघत होता.
तिसऱ्यांदा तर डगआऊटमधल्या सगळ्यांनीच
जमिनीवर काहीतरी शोधायला घेतलं.

खूण बदलावी लागली.
कान, दोनदा, पटापट.
तिसऱ्याच दिवशी समोरच्यांनी ओळखली.