माळा विकणे आहे

भवानी पेठ. रामोशी गेटपासून चालत चार मिनिटं,
रिक्षानं अकरा.
हे जाहिरातीत लिहीत नाही, जिन्यात सांगते.
जिना तीस पायऱ्यांचा. सत्ताविसावी बुटकी आहे,
तिथं गिऱ्हाइकाचा हात आपोआप माझ्या खांद्यावर येतो
आणि निम्मा सौदा तिथंच होतो.

आत या. चपला असू द्या.
अकराशे चाळीस चौरस फूट, कार्पेट.
तुळया सागवानी, मूळच्या.
छपराला काचेचे दोन झरोके, नवे.
ही कप्पी पाहिलीत? हिच्यावरून गूळ वर यायचा,
आता झोपाळ्याची खुर्ची टांगलीय. बसून बघा.
ढेपांचं वजन धरलं तिनं, तुमचं काय घेऊन बसलात!
(इथं सगळे हसतात.)

मुंग्यांचं मात्र आधीच सांगून टाकते.
दुपारी तीनच्या सुमाराला
उत्तरेच्या भिंतीतून येतात, काळ्या, एका ओळीत,
पॉलिश केलेल्या फरशीवरून
थेट त्या कोपऱ्यापर्यंत, जिथं काही नाही.
थोड्या घोटाळतात. परततात.
पेस्ट कंट्रोल दोनदा झालं.
बाजार गुलटेकडीला गेला
हे त्यांना कुणी कळवलेलंच नाही.

आणि ही भिंत.
नाही नाही, रंगवायची राहिलेली नाही.
चुन्यावर कोळशाच्या रेघा, चार उभ्या एक आडवी,
चार उभ्या एक आडवी,
आर्किटेक्टनं मुद्दाम ठेवल्यात. वरून काच, खाली छोटा दिवा.
याचे वेगळे पैसे नाहीत,
म्हणजे किमतीतच धरलेत.

गेल्या बुधवारी पाण्याचा फिल्टर बसवायला
एक पोरगा आला, त्याच्यामागं त्याचा आजा.
कोंडिबा मरळ, वेल्ह्याकडचा, मान जरा डावीकडं कललेली,
जशी वर्षानुवर्षं एकाच खांद्यानं ओझं नेणाऱ्याची कलते.
सत्ताविसाव्या पायरीला मी सवयीनं म्हटलं, जपून.
त्याचा पाय आधीच बेतानं उचलला होता.

झरोके त्यानं बघितले नाहीत. तुळयांकडं एकदा मान वर केली.
काचेसमोर उभा राहिला
आणि बोट न टेकवता मोजत गेला.
आठ जुड्या. वर तीन.
"त्रेचाळीस," म्हणाला. "पैसं बेचाळिसाचं दिलं."

कप्पी त्या दिवशी अडकली होती म्हणे,
सगळा गूळ पाठीवरून, जिन्यानं.
"दिवाणजी म्हनला, शेवटची रेघ तुझी तूच मारलीस."

मारली होती?

पोरगा ड्रिल थांबवून आज्याकडं बघायला लागला.
"मारली की. त्यो च्या प्यायला गेला व्हता.
पर खेप बी मीच आनली ना, बाई."

मग खाली वाकून
फरशीवर काहीतरी पाहिलं, पाय थोडा बाजूला घेतला
आणि मुंग्यांना वाट देऊन
तो खुर्चीत न बसता जिन्यात जाऊन बसला.

रात्री मालकाला फोनवर हे सांगितलं.
तो खूश झाला. अगदी असंच सांग म्हणाला गिऱ्हाइकांना,
पाच लाख सहज वाढतील.
मी हो म्हटलं.
वीस वर्षं झाली या धंद्यात,
कोपरे विकलेत, ऊन विकलंय,
एकदा तर समोरच्याच्या गच्चीतलं बकुळीचं झाड विकलंय मी.
हे काही तोंडातून निघत नाही.

रविवारी बाणेरहून कुलथे आले, नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी.
ते बाथरूमच्या नळांत गुंतले.
मुलगी काचेसमोर, मोठ्यानं, बोट न टेकवता
(कुणी शिकवलं नव्हतं)
चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस...
"ही शेवटची वाकडी का आहे?"

घाईत मारली असेल, म्हटलं.
"पण ती धरायची ना?"

धर.

तीनला पाच कमी होती.
आईबाबा म्हणाले, बघून झालं, निघू या का.
म्हटलं, थांबा जरा.
अजून काही जण यायचेत.