मोजून

दस्तगीर मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक कंप्रेसरच्या बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटून म्हणतो, गप ऱ्हावा.
मी गपच असतो. खांद्यावर चेनपुली.

औशाच्या पुढं, नव्या गावठाणात
सगळी घरं एका साच्याची.
त्यातल्या बत्तीस नंबरात
नागरबाई बिराजदार बाजेवर, पाय वर घेऊन.
"बोअर चालू केला की भिंत हालायली.
भांडं भांड्याला लागायलंय. तसंच."
तसंच म्हणजे कसं, कुणी विचारत नाही.
त्र्याण्णवच्या पहाटे त्या मांडणीखालून निघाल्या.
दोन लेकी निघाल्या नाहीत.

सून हळूच सांगते,
सोमवारी त्या देवळात जातात,
तेवढाच वेळ बटण दाबतो आम्ही.

मिस्त्री दोरा ताणून बघतो : पुली अर्धा सूत वाकडी,
पट्टा एका अंगानं झिजलेला,
चौथा नट नुसत्या बोटानं फिरतोय
आणि पाइप भिंतीत सिमेंटनं चिणलेला.
"मशीन थरथरणारच, तिचा धर्मच हाय.
तिला घरात कुणी बोलावलं?"
मग छिन्नीनं भोक मोठं, पाइपाला ट्यूबचे वेढे,
बुडाखाली ट्रकच्या टायरचे चार तुकडे.
पुली रेषेत येईस्तोवर माझा डबा आंबला.

चालू केलं.
मांडणीवर भरलेला पेला.
सकाळी त्यात कडेपासून आत धावणारी वर्तुळं होती,
आता छताच्या पत्र्याची एकेक पन्हळ
सरळ दिसत होती.

पण पाणी करंगळीएवढं.
खाली काळ्या खडकाच्या चिरांत गाळ बसलेला.
मिस्त्री बाजेपाशी उकिडवा बसला.
"आजी, टाकीत हवा कोंडून
बोअरात एकदम सोडावी लागंल.
हादरा बसंल. तुम्ही हात वर केल्याबिगर नाही."

काटा चढून थांबला.
व्हॉल्व्हवर माझा तळवा घामेजला.
बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरून गप झाली.
नागरबाईंनी एक पाय खाली ठेवला.
बऱ्याच वेळानं दुसरा.
हात वर.

धप्प.
ते आधी तळपायात आलं, मग कानात.
"एक," त्या म्हणाल्या.
दुसऱ्याला तांबडं पाणी उसळलं,
खडे, कुजका वास, सुनेच्या लुगड्यावर चिखल.
तिसऱ्यानंतर मिस्त्री म्हणाला,
बास आता, आजी, पाणी लागलं.

त्यांचा हात वरच होता.