निदान एक

फतेगंजात चर्चच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान. भाडेकरार, सोगंदनामे,
पीएचडीवाल्यांच्या संदर्भसूच्या.
तो आला तेव्हा मी स्टुलावर उभी,
पंख्याची पाती पुसत होते. खालून म्हणाला,
‘बेन, एक कागळ लखवो छे.’
चाळीस वर्षांपूर्वीची गुजराती, इथल्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये
डाळ मागता मागता शिकलेला.
डाळीसारखीच, अजून गोड.

कुठल्याशा देशाचा विरोधी पक्षनेता.
देशाचं नाव त्या दुपारी मी सव्वीस वेळा टाइप केलं,
इथे नाही करत.
मुक्काम निझामपुऱ्यात, पुतण्याच्या खोलीवर,
पुतण्या फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
अंगात सूट, पायात रबरी चपला.

पत्र सहा राजधान्यांना, मजकूर एकच:
निवडणूक चोरीला गेली आहे, आपण मध्ये पडावं.
‘मध्ये पडावं’ला तो इंग्रजीत एक सभ्य शब्द सांगे,
मी टाइप करी, तो खोडी,
त्याहून सभ्य शब्द सांगे.
तीन वाजेपर्यंत विनंतीची प्रार्थना झाली होती.

मध्ये पडणारे मला माहीत आहेत.
सासरे गेले, दोघा भावांचं बोलणं बंद झालं,
तेव्हा देवासहून भाऊकाकांना बोलावलं होतं.
चार दिवस जेवले. श्रीखंड दोनदा.
फ्लॅटची वाटणी झाली, कागदावर,
आणि तांब्याचं घंगाळ
काकांच्या रिक्षात, त्यांच्या पायांशी.
कुणी काही बोललं नाही.
पंचाला काय बोलणार.

आणि हे शहर.
म्हटलं, साहेब, तुम्ही तर इथे इतिहास शिकलात.
गादीवरून घरात तंटा झाला,
दोन्ही बाजूंनी मुंबईच्या गोऱ्यांना निवाड्याला हाक मारली.
तुम्ही आत्ता ज्या रस्त्याने आलात
त्याला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात.
दीडशे वर्षांना पाच कमी, इतकं राहिले पाहुणे.

तो हसला. वरचा एक दात नव्हता.
(तो मोजणीच्या रात्री गेला, हे पुतण्याने नंतर सांगितलं.)
‘या प्रश्नाला मला सोळापैकी अकरा होते,’ म्हणाला,
आणि पिशवीतून एक घडी पडलेला तक्ता काढला.
त्याच्या गावचं मतदान केंद्र. शाळेची खोली.
त्याच्या नावापुढे शून्य.

‘मी स्वतः तिथे मत दिलंय.’
आता गुजराती सुटली होती.
‘माझ्यामागे रांगेत माझी आई होती.
म्हणजे निदान दोन.’
मग बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला.
‘आई तेव्हा माझ्यावर रागावलेली होती.
बरं. निदान एक.’

माझ्याकडे यावर काही नव्हतं.
मी उठून झेरॉक्स काढायला घेतल्या.
टोनर संपत आलेला, शून्य पुसट उमटलं.
म्हटलं, पेनाने गिरवून देऊ का?
‘नाही!’
एवढ्या मोठ्याने, की समोरचा पानवाला उठून उभा राहिला.
‘हात लावू नका त्याला. जसं आहे तसं.’
मी पेन टोपण लावून ठेवलं.

सहा प्रती, सहा पाकिटं.
पैसे देताना पाच रुपयांसाठी घासाघीस केली,
पक्का बडोदेकर.
परतीचा पत्ता माझ्या दुकानाचा घातला आहे,
म्हणून दर गुरुवारी येतो, बाकावर बसतो,
भाडेकरारवाल्यांना जागा करून देतो.

आतापर्यंत एक उत्तर आलंय.
आपलं पत्र मिळालं, एवढंच. खाली सही नाही, शिक्का आहे.
त्याने ते लॅमिनेट करून घेतलं.
वीस रुपये होतात.
मी दहा घेतले.