तेहतीस पोपट

घाटाचं नाव तेहतीस पोपट.
एकही दिसला नाही.
वळणं मोजत आलो, सतराव्याला आकडा चुकला,
विसाव्याला दम.
मग उतरलो आणि सायकल नेली
आजारी वासरागत, मानेला धरून.

वर सोन-कुल. पाणी इतकं सपाट
की माझ्या मांड्यांना राग आला.

बुरुलकान घोडीची धार काढत होती.
खुणेनंच विचारलं: घोडा मेला का तुझा?
मी साखळी दाखवली, तुटलेली.
तिच्या नवऱ्यानं खोगीर शिवायची आर आणली,
कडीतली पिन दगडावर ठोकून बसवली,
पैसे काढले तर पाठ फिरवली.

कुमुसचा वाडगा. आंबट, धुरकट.
अर्ध्यावर अडलो
तेवढ्यात ती सायकलवर बसली,
गमबुटांसकट,
आणि उतारावरून तळ्याकडे सुसाट.
ब्रेक कुठे असतो
हे सांगायचंच राहिलं होतं.

गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती,
सायकल आडवी, मागचं चाक हवेत फिरत.
साखळी टिकली.

रात्री तंबूत वारा शिरत राहिला.
झोप येईना म्हणून
पोपट पुन्हा मोजले, पहिल्या वळणापासून.
चौतीस भरले.