रीडिंग

कुडचड्याला बाजारामागच्या गल्लीत
माझी एकशे बारा मीटरं.
म्हाबळू च्यारीचं सत्त्याण्णववं.
दर महिन्याला मी जातो,
टॉर्च मारतो, आकडा टिपतो,
आणि तो म्हणतो, पुढच्या खेपेला येऊ नकोस,
तोवर हा डबा उपटून
खात्याला परत केलेला असेल मी.

सहा वर्षं हेच.

त्याआधी तो खाणीवरच्या पंपांच्या मोटरी भरायचा.
जळकी तार उपसून नवी घालताना
वेढे मोजायचा ओठ हलवत,
दर शंभराला एक आगकाडी बाजूला.
खाण बंद झाली.
बार्जी सांवर्ड्याच्या पुलाशी गंजत उभ्या राहिल्या,
पंप जळायचेसुद्धा थांबले.
काड्या उरल्या.

मग हे चाक.
सायकलची रिम, काठाला सोळा चुंबकं,
तियात्रवाल्यांनी फेकलेल्या स्पीकरांतून काढलेली
(बोस्त्यांव म्हणतो, म्हणून ते हुंदके देत फिरतं).
तांब्याच्या दोन गुंडाळ्या, मुठीएवढा कपॅसिटर.
चाक त्याला भरणार, तो चाकाला फिरवणार.
सासू सुनेला वाढते, सून सासूला,
आणि पातेल्यातला भात काही कमी होत नाही,
असा हिशोब.
शाळेत शिकलेलं मी एकदा त्याला सांगून पाहिलं.
म्हणाला, तुझ्या मास्तरानं किती मोटरी भरल्या?

फेब्रुवारीत फोंड्याहून दोघे आले, गाडीनं.
त्यांच्यासमोर चाक तीन तास फिरलं,
वर बल्बही पेटला.
सुलक्षानं तीनदा चहा दिला, कुणाकडे न बघता.
जाताना टेबलावर पाकीट राहिलं.
गल्लीनं ते खिडकीतून पाहिलं
आणि म्हाबळू सुटला असं ठरवून टाकलं.

मार्चात मी टॉर्च मारली.
ह्या घराचा खप मला पाठ आहे:
दोन ट्यूबा, एक पंखा, जुना फ्रिज,
खोबऱ्यापुरता मिक्सर. एकशे चाळीस.
ह्या वेळी एकशे एकोणसाठ.
पाहुणा नाही, लग्न नाही, बाळंतपण नाही.
रात्र रात्र कसली तरी तालीम झालेली.
तेवढ्यात टॉर्च खाली कलली.
टेबलाच्या पायापासून स्विचबोर्डापर्यंत
लादीत सिमेंटची नवी रेघ,
बोटभर रुंद, अजून काळपट ओली.

किती, त्यानं मागून विचारलं.
मी सांगितलं.
पोदेराच्या सायकलीचा भोंगा
गल्लीभर वाजून लांब गेला
तरी तो उभाच.
मग म्हणाला, त्या बाजूनं धर.

टेबल आम्ही आवारात नेलं, माडाखाली.
चारी बाजूंना वारा, खाली माती.
बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.
पट्टा तुटलेलं घड्याळ त्यानं माझ्या हातात दिलं
आणि रिमला एक बोट लावलं.
पळय, म्हणाला.

पहिली दहा मिनिटं तो बोलत होता:
सुलक्षाचा गुडघा, फोंडेकरांचे फोन,
पाकीट फ्रिजवर आहे, फोडलेलं नाही,
उद्या बस पकडून देऊन येतो म्हणतो,
पण कुठल्या तोंडानं.
मग गप्प.

चुंबकांचा आधी एकसंध पट्टा होता.
मग तो विरळ झाला.
मग मोजता यायला लागली, सोळाच्या सोळा.
रिम वर चढता चढता थबकली,
काही विसरल्यासारखी थोडी मागे आली
आणि उभी राहिली.

सतरा मिनिटं चाळीस सेकंद.
चवथीला सोळा दहा होती, तो म्हणाला,
माझ्या हातून घड्याळ घेताना.
खिशातून एक आगकाडी काढून
त्यानं खिडकीवरच्या डब्यात टाकली.
डब्यात बऱ्याच होत्या.

मी वहीत एकशे एकोणसाठ लिहिले.
समोर शेऱ्याचा रकाना असतो,
तो कोरा ठेवून पान उलटलं.
फाटकाशी पोचलो तर मागून हाक आली,
पुढच्या खेपेला ये.
एकशे चाळीस असतील.